बँक नको, पुस्तकं द्या

प्रश्न : आमचा चादरीचा कारखाना आहे, थोरला मुलगा हातात पैसे आले की पुस्तकंच आणतो, माळा भरलाय. म्हणतो, एका बँकवाल्याच्या पोरानं पुस्तकांसाठी बँक सोडली होती. खरंय का हो?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : खरंय काका. आबी वारबुर्ग, जन्म १८६६, जर्मनीतलं हॅम्बुर्ग. घरची बँक, हा थोरला, म्हणजे गादी त्याचीच, पण १३ वर्षांचा असताना धाकट्या मॅक्सला म्हणाला, माझा हक्क तू घे, फक्त आयुष्यभर मी मागेन ती पुस्तकं घेऊन दे. मॅक्स हो म्हणाला आणि शब्द पाळला!

मला सगळ्यात आवडतं ते त्याचं पुस्तकं लावणं. आपण शोधतो त्या पुस्तकाच्या शेजारी त्याहून कामाचं पुस्तक सापडावं, अशी मांडणी, त्यासाठी सारखी हलवाहलव करायचा, नवा विचार सुचला की कपाटं परत नव्यानं. १९२९ ला तो गेला. १९३३ ला नाझी सत्तेवर आले तेव्हा सुमारे ६०,००० पुस्तकं बोटीनं लंडनला हलवली म्हणून वाचली, आजही तिथल्या विद्यापीठात आहेत.

आणि काका, माळ्यावर वाळवी लागते, पोराला आधी एक लोखंडी कपाट घेऊन द्या.