वडील गेल्यापासून एक पक्षी रोज खिडकीवर चोच मारतो. ख्रिस्ती माणसाने याला देवाचा संकेत मानावा का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना माती दिल्याच्या तिसऱ्या दिवसापासून एक काळापांढरा, शेपटी उभी धरणारा पक्षी सकाळी सहाच्या सुमारास हॉलच्या काचेवर टकटक करतो. आई म्हणते बाबाच आलेत, नवरा म्हणतो काहीतरीच तुमचं, आणि या दोघांच्या मध्ये कुठे उभं राहावं ते तुम्हाला कळत नाही. वर्णनावरून तो दयाळ आहे, नर. आधी त्याची बाजू सांगतो.

मार्च ते जुलै हा दयाळाच्या विणीचा हंगाम. या दिवसांत नराला आपल्या हद्दीत दुसरा नर खपत नाही. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, त्याला वाटतं कोणीतरी घुसलाय, आणि तो भांडायला येतो. मागे एकजण माझ्या स्कूटरच्या आरशाशी असाच महिनाभर भांडत होता. आरसा आणि सीट, दोन्ही रोज पुसायला लागायचे. काचेला काही आठवडे बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. आतून पडदा ओढू नका, त्याने प्रतिबिंब उलट जास्तच उठून दिसतं. बिचारा दमतो हो, घरट्याकडे बघायचं सोडून.

आता तुमचा खरा प्रश्न. मी वसईचा कॅथलिक, वाडीत वाढलेला. माझ्यावर एकदा असा प्रसंग आला होता आणि मी त्यात सपशेल नापास झालो, म्हणून लिहायला बसलो.

2014 च्या पावसाळ्यात आई हॉस्पिटलात होती, अकरा दिवस. ओट्याशेजारच्या पपनसाच्या झाडावर तेव्हा शिंप्याचं घरटं होतं. शिंपी म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, पण काम बघत राहावं असं. दोन पानांच्या कडा जवळ आणायच्या, चोचीने बारीक भोकं पाडायची, त्यातून कापसाचे, कोळिष्टकाचे धागे ओढायचे. धागा मागे सरकू नये म्हणून बाहेरच्या बाजूला त्याचा छोटासा गोंडा होतो. मी वाकून बघितलं तर एका टाक्यात लाल दोरा. आमच्याकडच्या जुन्या बायका लाल लुगडं नेसतात, आईही नेसायची. दोरा तिच्याच लुगड्याचा असणार, असं मी ठरवून टाकलं. तिथून गाडी घसरली. पिलं उडाली की आई घरी येणार, असा करार मी देवाशी परस्पर करून मोकळा झालो. देवाची सही नव्हती, पण ते तेव्हा कोण बघतो.

दहाव्या दिवशी सकाळी कुंपणावर भारद्वाज आला. शेजारच्या काकू ओरडल्या, “अरे, भारद्वाज दिसला, शुभ आहे, आई येणार तुझी!” भारद्वाज थोडा वेळ बसला, मग धप्पकन पपनसावर उतरला आणि तीनही पिलं खाऊन गेला. त्याचं खाणंच ते आहे: किडे, सरडे, दुसऱ्यांची अंडी, पिलं.

त्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो नाही. बहिणीला पाठवलं, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खरं म्हणजे तिथे काय बघायला मिळेल याची भीती वाटत होती. आई दिवसभर विचारत होती, तो का नाही आला. दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. त्यानंतर ती सहा वर्षं जगली.

काही दिवसांनी मी तिला सगळं सांगितलं. ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, “चिमण्या पडत नाहीत असं येशू कुठे म्हणाला?”

मी तो उतारा लहानपणापासून मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकत आलो होतो आणि चुकीचा ऐकत आलो होतो. बायबलात मत्तयच्या दहाव्या अध्यायात दमडीला दोन चिमण्या विकल्या जातात आणि पित्याशिवाय त्यातली एकही जमिनीवर पडत नाही, असं आहे. पडतात, हे धरूनच ते बोलणं आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात तर दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी भाजीवाली वर चार मिरच्या टाकते तशी, फुकट. तिचाही देवाला विसर पडत नाही. आई वीस वर्षं भाजी घेऊन बाजाराला बसली होती, तिला हा हिशेब समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून मी निसर्गात देव शोधायचं सोडलेलं नाही. फक्त त्याच्याकडून बातम्या मागायचं सोडलं. लाल दोरा मला आजही देवाची देणगी वाटतो. आईच्या लुगड्यातून निघून कोणाच्या तरी घराला टाका बसला, एवढं पुरे की. डिस्चार्जची तारीख त्यात वाचायला गेलो ती माझी चूक. आणि चूक ओळखायची खूणही मला तिथेच मिळाली: त्या ‘संकेता’ने मला आईपासून लांब ठेवलं.

अर्थ काढणाऱ्या माणसाचे डोळे त्याच्या त्याच्या घरचे असतात, हेही ध्यानात ठेवा. कृष्णकमळ घ्या. आपल्याकडे कोणालाही विचारा: बाहेरच्या तंतूंचे शंभर कौरव, वर पाच पांडव, मध्ये कृष्ण. हे झाड मूळचं अमेरिकेतलं. तिथे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्याच फुलात ख्रिस्ताचं दुःखसहन पाहिलं. तंतूंचा काट्यांचा मुकुट, पाच परागकोशांच्या पाच जखमा, वरचे तीन खिळे, आणि दहा पाकळ्या म्हणजे येशूला दगा देणारा यहुदा आणि त्याला नाकारणारा पेत्र वगळून उरलेले प्रेषित, म्हणजे त्याचे शिष्य. मला दोन्ही वाचनं आवडतात. फुलाला मात्र भुंगा हवा असतो.

पेलिकनचं तर विचारूच नका. मादी आपली छाती फोडून रक्तावर पिलं जगवते, असं युरोपात शेकडो वर्षं मानलं गेलं, आणि म्हणून ख्रिस्ताचं प्रतीक म्हणून ती वेदीवर कोरली गेली. प्रत्यक्षात पिलांना झोळीतले मासे मिळतात. चोच छातीला टेकलेली बघून कोणीतरी रक्ताची गोष्ट रचली असावी. पक्ष्याबद्दलची समजूत खोटी निघाली म्हणून क्रुसाला काही झालं नाही. पण पक्षी काय करतो ते आधी नीट बघावं, अर्थ मागाहून लावावा, एवढं मी त्यातून घेतलं.

तुमच्या दयाळाच्या नावाचीही गंमत आहे. मराठी कानाला ‘दयाळू’ ऐकू येतं, नाही? तुमच्या आईच्या मनात तेच आलं असेल. इंग्रजांनी ते ‘डायल’ ऐकलं, आणि लव्हाइयां नावाच्या फ्रेंच पक्षीतज्ज्ञाने त्यावरून त्याला चक्क सूर्यघड्याळ म्हटलं!

बाबा पक्षी होऊन आलेत, असं मात्र आपली श्रद्धा म्हणत नाही. शेजारी पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघतात. आपण याच मातीतले, आपल्या मनातही ते येणारच. आईला त्यावरून टोचू नका आणि नवऱ्यालाही टोचू देऊ नका. पण देवाने बाबांना काचेवर डोकं आपटायच्या कामाला लावलेलं नाही, हे तिला हळूच सांगता येईल.

वर्तमानपत्र लावण्याआधी एक सकाळ तिच्याबरोबर चहा घेऊन त्या खिडकीशी बसा. बाबा सहा वाजता काय करायचे ते विचारा. मग तिला प्रतिबिंबाचं सांगा, काचेवर तुमचा हात धरून दाखवा. हे लवकर करा, कारण विणीचा हंगाम संपला की दयाळ यायचा थांबेल. त्या सकाळी खिडकी रिकामी दिसली तर बाबा पुन्हा गेले असं तिला वाटायला नको.