आल्यापासून माडीवरच असतो

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. ऑगस्टच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी नाशिकला, सासरी आलोय. सोळा वर्षांचा मुलगा जेवायला खाली येतो, तेवढंच. कुणी भेटायला आलं की दहा मिनिटांत परत माडीवर. 'माणूसघाणा झालाय, तिकडचं वारं लागलंय' असं सगळे म्हणतात. ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणीत तो 'आयएनटीपी' (यातला 'आय' म्हणजे अंतर्मुख) निघाला. हे सासूबाईंना कसं समजावू? रविवारी तर तीस माणसं जेवायला आहेत.

ताई, ती चार अक्षरं सासूबाईंना सांगूच नका. तुम्हीही फार मनावर घेऊ नका. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने १९२१ च्या ग्रंथातून रूढ केली. तिच्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची चाचणी बेतली. ती माणसाला या नाहीतर त्या खान्यात टाकते, आणि माणसं तर बहुतेक मधेच कुठेतरी असतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. सोळाव्या वर्षी कपाळावर शिक्का कशाला?

त्यापेक्षा तो वर का जातो, ते बघा. बुजऱ्या मुलाला चारचौघांत बसायचं असतं, पण धीर होत नाही. अंतर्मुख मुलाला भीती नसते, गर्दीने तो दमतो. तुमच्या पत्रावरून मला मात्र तिसरीच शंका येते : मराठी. म्युनिकच्या घरात मराठी बोलणारी दोन माणसं, तीही त्याच्या सवयीची. इथे दिवाणखान्यात आठ जण एकदम बोलतात, त्यात टोमणे, थट्टा आणि 'ओळखलंस का मला?' हा भयंकर प्रश्न. (मला स्वतःला पन्नाशीतही त्याचं उत्तर सुचत नाही.) एकदा तो निवांत असताना विचारा, माणसं नको वाटतात की बोलताना अडखळायची लाज वाटते? लाज असेल तर नुसती माडी मोकळी ठेवून भागणार नाही, एकेका माणसाशी गाठ घालून द्यावी लागेल.

सासूबाईंना एवढंच म्हणा, 'आई, त्याला एकेकाशी जमतं. सकाळी भाजी निवडताना जवळ बसवा, पण काही विचारू नका.' हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं. आजोबांचे गुडघे साथ देत असतील तर दोघांनाच पांडवलेणीला पाठवा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या विहारांत मधे मोठा मंडप आहे आणि त्याच्या भिंतींत भिक्खूंच्या एकेकट्याच्या खोल्या. तुमच्या घराचा नकाशा तीन आठवडे तसा असला तर बरं. टाकळीला समर्थांनी बारा वर्षं साधना केली म्हणून आपण हात जोडतो, आणि घरातलं पोर दोन तास एकटं बसलं की कासावीस होतो. आपली गंमतच आहे.

मुलालाही एक गोष्ट बजावा. खाली यायचं, नमस्कार करायचा, थोडा वेळ बसायचं आणि 'आजी, मी जरा वर जातो' असं सांगून उठायचं. उठून जाण्याचा कुणाला राग नसतो, न सांगता नाहीसं होण्याचा असतो. आणि एका दिवसात चार घरी चहाला जाणं तुम्हीच बंद करा. दिवसाला एक घर पुरे.

मात्र म्युनिकलाही त्याचे मित्र सुटले असतील, आवडीचा खेळ बंद पडला असेल, झोप-जेवण बिघडलं असेल आणि हे आठवडे न् आठवडे चाललं असेल, तर हा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला, परत जाईपर्यंत थांबू नका.

रविवारी त्याला वाढायला उभं करा. पंगतीत बसलेल्याला शंभर प्रश्न विचारतात, वाढणाऱ्याला फक्त 'पुरे' म्हणतात.