दगडात पहिला चेहरा कोरताय? आधी हे बघा
मित्रा, संगमरवर आत्ता नको घेऊस. आधी सिसिलीतल्या शाक्का गावच्या फिलिप्पो बेंतिवेन्याचं काम नीट बघ, १८८८ चा जन्म, घरची गरिबी, आर्ट स्कूल वगैरे काही नाही, अमेरिकेत मजुरी करून परत आला आणि गावाबाहेर जमीन घेऊन १९६७ ला वारेपर्यंत तिथल्या खडकात नुसती डोकी कोरत राहिला, हजारोंनी! नाक एकदम साधं, डोळे म्हणजे खाचा, तरी चेहरे जिवंत वाटतात. लोक वेडा म्हणायचे त्याला, आज त्याच्या बागेत पर्यटक जातात, काही डोकी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या 'आर ब्रू' संग्रहालयात आहेत, म्हणजे कलेचं शिक्षण न घेतलेल्यांच्या कलेच्या संग्रहालयात.

तर तू पण मऊ दगड घे आणि आधी कपाळ, नाक, हनुवटी असे मोठे उंचवटे काढ, डोळे-ओठ शेवटी. छिन्नी तिरकी धर, उभी मारलीस की दगड आतून दुखावतो आणि मग नको तिथे टवका उडतो. एकच डोकं घासत बसू नकोस रे, सरळ दुसरं घे. आणि गॉगल, चांगला मास्क लावल्याशिवाय एक घाव पण घालायचा नाही, ती धूळ फुफ्फुसात कायमची बसते.