एमआरआय ‘स्थिर’ आहे, तरी बायको विसरते. एमएसमध्ये मेंदूत नेमकं काय बदलतं?

तुम्ही लिहिलंय की पत्नीला सहा वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचा आजार) आहे, चालण्याफिरण्यात अडचण नाही, बऱ्याच दिवसांत या आजाराचा नवा अटॅक आलेला नाही आणि यंदाच्या एमआरआयवर ‘स्थिर’ असा शेरा आहे. तरी बोलता बोलता त्यांना शब्द सापडत नाही, दूध उतू जातं, घरात दोघं एकदम बोलले की त्या चिडतात. डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून पाठवलं. हे आजाराचं की मनाचं, असं तुम्ही विचारताय.

आजाराचं असू शकतं, आणि ‘स्थिर’ रिपोर्टमुळे ती शक्यता संपत नाही. मी डॉक्टर नाही. मला स्वतःला एमएस आहे, निदान होऊन अकरा वर्षं झाली. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. माझ्या पायांच्या आधी माझा वर्ग अवघड झाला. तिसरीतली दोन मुलं दोन बाजूंनी ‘बाई, बाई’ करू लागली की दोघांचंही मला कळेनासं व्हायचं. शिक्षकांच्या बैठकीत तारखा सांगत, तेव्हा पहिली तारीख मनात बसेपर्यंत तिसरी सांगून झालेली असायची. मलाही टेन्शन घेऊ नका असंच सांगितलं गेलं. त्यात माझी दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून एवढं लांब लिहितेय.

ही तक्रार नवी नाही. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरांनी 1868 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यातच स्मरणशक्ती ठळकपणे कमी होते आणि विचार हळू तयार होतात अशी नोंद आहे. पुढे शंभरेक वर्षं सगळ्यांचं लक्ष पायांवर आणि डोळ्यांवरच राहिलं. आज अंदाज असा आहे की एमएस असलेल्यांपैकी 40 ते 65 टक्के लोकांना विचारशक्तीचा काही ना काही त्रास होतो. पहिला फटका बहुतेक वेळा वेगाला बसतो. बुद्धी तीच असते, पण आलेली माहिती घ्यायला आणि तिच्यावर काम करायला जास्त वेळ लागतो. अल्झायमरपेक्षा हे वेगळं आहे, हे वहिनींना स्पष्ट सांगा. मला रात्र रात्र त्याचीच भीती वाटायची.

वेग का जातो? मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, त्यामुळे संदेश टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो. जाड, आवरण असलेल्या तंतूत तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जाऊ शकतो. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती हे आवरण खाते. मग संदेश मंदावतो, कधी वाटेतच थांबतो, आणि आवरण गेलेला तंतू काळाबरोबर तुटूही शकतो. एमआरआयवर पांढरे डाग दिसतात ते मुख्यतः याचे.

पण फक्त डाग मोजून माणसाच्या विचारशक्तीचा अंदाज बांधता येत नाही. डाग भरपूर आणि डोकं लख्ख, किंवा डाग मोजके आणि रोजचा हिशेबही जड, अशी दोन्ही माणसं भेटतात. कारण बरंच नुकसान नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसतच नाही. मेंदूच्या वरच्या करड्या थरातही डाग होतात, पण साध्या स्कॅनमध्ये त्यांतले बहुतेक निसटतात. आठवणी साठवण्याच्या कामात ज्याचा मोठा वाटा आहे त्या हिप्पोकॅम्पसलाही इजा होते. आणि मेंदूच्या मधोमध थॅलॅमस आहे, जवळपास सगळ्या वाटा जिथून जातात असं जंक्शन. तो आजाराच्या अगदी सुरुवातीपासून आक्रसू लागतो, आणि त्याचं आक्रसणं विचारांच्या मंदपणाशी चांगलंच जुळतं. शिवाय पूर्ण मेंदूच आकाराने हळूहळू कमी होत असतो. निरोगी प्रौढात ही घट वर्षाला साधारण 0.1 ते 0.3 टक्के असते, उपचार नसलेल्या एमएसमध्ये 0.5 ते 1.35 टक्के. एवढीशी घट दोन फिल्म शेजारी धरून डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ‘स्थिर’ या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की नवीन डाग नाही आणि जुना ठळकपणे वाढलेला नाही.

मग वहिनी इतकी वर्षं व्यवस्थित कशा होत्या, असा प्रश्न पडेल. एक उदाहरण सांगते. आम्ही मांडवी नदीच्या काठी, पणजीच्या समोर बेतीला राहायचो. मी लहान असताना, 1986 च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल कोसळला. बाबांचं ऑफिस पणजीत. पूल गेला तरी ते रोज वेळेवर कामावर पोचायचे, कारण फेरीबोटी वाढवल्या होत्या आणि ते घरून तासभर आधी निघायचे. ऑफिसातल्या कोणाला फरक दिसला नसेल, फरक आम्हाला घरात दिसायचा, संध्याकाळी ते परतायचे तेव्हा. मेंदू सुरुवातीला असंच करतो. एक वाट खराब झाली की तो शेजारच्या भागांना कामाला लावतो. तेच काम करताना एमएसच्या रुग्णाच्या मेंदूचे जास्त भाग जागे झालेले फंक्शनल एमआरआयमध्ये दिसतात. काम होतं, पण माणूस दमतो. नुकसान वाढत गेलं की या आडवाटाही पुरेनाशा होतात आणि मेंदूच्या जाळ्याचा आपापसातला ताळमेळ बिघडतो. म्हणून बाहेरच्यांना हे अचानक झाल्यासारखं वाटतं. शिक्षण, वाचन, छंद यांनी ज्यांची शिदोरी मोठी असते त्यांचा तोल जास्त काळ टिकतो, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय. वहिनी भजनाला जात असतील, वाचत असतील तर ते सोडू देऊ नका.

आठवणीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझी तपासणी झाली तेव्हा मला सोळा शब्दांची यादी वाचून दाखवली आणि म्हणायला सांगितली. पहिल्या वेळी पाच आठवले. तीच यादी पुन्हा पुन्हा वाचली, पाचव्या वेळी तेरा आले, आणि अर्ध्या तासाने विचारलं तेव्हाही बारा शिल्लक होते. म्हणजे साठवलेलं फारसं गळत नव्हतं, मुळात आत जायलाच वेळ लागत होता. एमएसमध्ये हे बऱ्याच जणांचं असतं. त्या वर्षी गणेश चवथीला माझ्या सासूबाई माटोळीचं (गणपतीच्या वर फळाफुलांची आरास बांधतात, तिचं) सामान सांगू लागल्या, कवंडळ, आंबाडे, तोरंजन, चिबूड, सुपारीचं शिपटं. मी त्यांना म्हटलं, ‘आई, सावकाश सांगा, आणि दोनदा सांगा.’ बाजारातून एकही वस्तू राहिली नाही. त्याआधीची तीन वर्षं मी अर्ध्या सामानाने परतले होते, आणि सुनेचं घरात लक्ष नाही असा समज झाला होता. तुमच्या घरात असा समज होत असेल तर तो आजच थांबवा. ‘मघाशीच सांगितलं होतं ना’ हे वाक्य मला अजून लागतं.

आता डॉक्टरांकडे काय मागायचं ते. सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट नावाची एक चाचणी आहे, एसडीएमटी म्हणतात. नऊ चिन्हं आणि त्यांचे नऊ अंक वर दिलेले असतात, खाली चिन्हांच्या ओळी. 90 सेकंदांत जमतील तितके अंक तोंडाने सांगायचे. ती मराठीतही देता येते, हात थरथरत असेल तरी देता येते. निदानानंतर एकदा आणि मग दर वर्षी ती करावी, अशी तज्ज्ञांची 2018 ची शिफारस आहे. गुण साधारण चारने घसरले तर ती घसरण दखल घेण्याजोगी मानतात. एकदाच करून उपयोग थोडा, तुलना वहिनींची वहिनींशीच व्हायला हवी. घसरण दिसली तर औषध पुरेसं आहे का, हा प्रश्न न्यूरॉलॉजिस्टना विचारायला तुमच्या हातात काहीतरी असेल.

त्याच वेळी दुसरी कारणंही तपासून घ्या, कारण ती सुधारता येतात. झोप, थायरॉइड, बी-12. नैराश्य, जे या आजारात खूप जणांना गाठतं आणि विचार अजून मंद करतं; त्यावर उपचार घेणं म्हणजे ‘सगळं मनाचंच’ असं कबूल करणं नव्हे. लघवी आवरण्यासाठीच्या काही गोळ्याही डोकं जड करतात, माझी एक गोळी बदलल्यावर मला फरक पडला. सिगारेटचा आणि मेंदू आक्रसण्याचा संबंध दिसलेला आहे. गेलेली आठवण परत आणणारी गोळी मात्र आज नाही. अल्झायमरला देतात ते डोनेपेझिल एमएसवर मोठ्या चाचणीत वापरून पाहिलं, उपयोग झाला नाही. नियमित व्यायाम आणि तज्ज्ञांकडून घेतलेलं स्मरणाचं प्रशिक्षण यांतून मला थोडं मिळालं. थोडंच, पण रोज वापरता येणारं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी आवरण गेलेल्या तंतूतला संदेश अडतो. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये नोंदवलं होतं. मे महिन्यात, घाम सुकत नाही अशा दमट दुपारी मला माझ्याच विद्यार्थ्यांची नावं आठवत नाहीत. गार पाण्याने अंघोळ करून पंख्याखाली बसले की ती परत येतात. यात नवीन नुकसान होत नाही. म्हणून चाचणीची वेळ सकाळची मागून घ्या, आणि कदंबात (गोव्याच्या सरकारी बसमध्ये) उभं राहून नेण्यापेक्षा त्या दिवशी शक्य असेल तर गाडी करा, म्हणजे येणारे गुण उन्हाचे नसतील, वहिनींचे असतील.