गरोदरपणातल्या खाण्याचा मुलाच्या मनावर पुढे परिणाम होतो का? वहिनीला सहावा महिना आहे, सासूबाईंनी मासे बंद केलेत.

संबंध दिसतो, पण एका वडापावाने मूल बिघडत नाही, हे वहिनींना आधी सांगा.

1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धातल्या जर्मन नाकेबंदीमुळे, नेदरलँड्समध्ये लोकांची उपासमार झाली. त्या उपासमारीत गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. ती उपासमार होती, डोहाळ्यांचे चोचले नव्हेत. नॉर्वेत 2013 साली तेवीस हजारांवर मायलेकरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: गरोदरपणी गोड पेयं, तळलेलं-खारवलेलं जास्त खाणाऱ्यांच्या मुलांत राग आणि आक्रस्ताळेपणा थोडा जास्त. घरची परिस्थिती, आईचा ताण हेही त्यात मिसळलेलं असतं, म्हणून थेट कारण म्हणता येत नाही.

आता मासे. 'उष्ण पडतात' म्हणून बंद करणं मला पटत नाही. गर्भाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-3 आपल्या बांगड्यात, तारलीत भरपूर आहे. आठवड्याला दोन-तीनदा, नीट शिजवून खावेत. मोरी (शार्क) मात्र टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा रोज सुकटीवर भागवू नका, मीठ फार जातं. त्या दिवसांत कुळथाची पिठी, नाचणी आणि चालत असतील तर अंडी. लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मात्र चुकवू नयेत.

आणि वहिनी सतत उदास असतील, तर ते डॉक्टरांना सांगा. आईच्या नैराश्याचाही मुलावर परिणाम होतो, आणि त्यावर उपचार आहेत.