गोळ्या थांबवू नका, पण उद्याच डॉक्टरांना दाखवा

वडिलांच्या कुष्ठरोगावरच्या एमबी (म्हणजे अंगात जंतू जास्त असलेल्या प्रकारच्या) उपचाराचा तिसरा महिना चालू आहे, चट्टे अचानक लाल होऊन सुजलेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागलाय, असं तुम्ही लिहिलंय. औषध उलटलं का, गोळ्या बंद कराव्यात का आणि हा रोग खरंच बरा होतो का, हे तुमचे प्रश्न. कुष्ठरुग्णांच्या हातापायांच्या व्यायामाचं आणि जखमांचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तुमच्या वर्णनावरून ही रिअॅक्शन वाटते. रोग वाढला किंवा औषध निकामी ठरलं, असा तिचा अर्थ नसतो. हा जंतू त्वचेत आणि नसांच्या आवरणातल्या पेशींत घर करतो. तो मेला तरी त्याचे अवशेष तिथेच राहतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. चट्टा सुजला तर ओसरतो. नस सुजली तर मात्र तिच्या घट्ट आवरणात तिला फुगायला जागा नसते आणि ती आतल्या आत चेपली जाते. कोपरामागची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मग वाकडं होतं. म्हणून ठणक्याकडे दुर्लक्ष नको. अशा वेळी डॉक्टर तपासून बहुधा प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड देतात आणि त्याचा डोस आठवड्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवतात. वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ते आधीच सांगा. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ते भरून येण्याची शक्यता बरीच चांगली असते. ठणका सांधेदुखीचा समजून कुणी दोन-तीन महिने तेल चोळत बसलं आणि तेवढ्यात बोटं वाकडी होऊन हाताचा पंजा झाला, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटला.

आता बरा होण्याबद्दल. हो, हा रोग बरा होतो, पण इथवर यायला फार वेळ लागला. सुश्रुतसंहितेत तुवरक या झाडाच्या तेलाचा उल्लेख आहे. त्याच जातीच्या झाडांचं चालमोगरा तेल विसाव्या शतकापर्यंत मुख्य औषध होतं, पण गुण बेताचाच. एकोणिसाव्या शतकात रोग आनुवंशिक आहे अशी मोठमोठ्या डॉक्टरांची खात्री होती. १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये हान्सेन या डॉक्टरने या रोगाचा जंतू दाखवला. त्या शोधाचं पुढे जे झालं त्याची मला फार खंत वाटते. जंतू आहे म्हणजे लागण होते, आणि लागण होते म्हणजे माणसाला दूर ठेवा, असा हिशेब लावला गेला. १८९७ च्या बर्लिनच्या कुष्ठरोग परिषदेने विलगीकरणाचीच शिफारस केली. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात प्रोमिन या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली, त्यानंतर डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. रोग हटू लागला, तरी जपानचा विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत टिकला.

एकट्या डॅप्सोनला जंतू सरावले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन एकत्र द्यायची शिफारस केली. वडील घेतात ते हेच एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, एमबीसाठी १२ महिने. म्हणूनच मध्येच गोळी सोडायची नाही. रिअॅक्शनचं औषध सुरू झालं तरी हे पाकीट चालूच राहतं. महिन्याच्या डोसनंतर लघवी लालसर होते, क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते. दोन्ही तात्पुरतं आहे, मात्र त्वचेचा रंग पूर्ववत व्हायला औषध संपल्यावरही काही महिने जातात. ताप येऊन अंगभर पुरळ उठलं किंवा डोळे पिवळे झाले, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

भांडी वेगळी ठेवावीत का, असंही विचारलंत. अजिबात नको. उपचार सुरू झाल्यावर लागण पसरायची थांबते. घरातल्या सगळ्यांची त्वचा मात्र तपासून घ्या.

बोटं 'झडतात' ही समजूतही डोक्यातून काढा. १९४० च्या दशकाअखेरीस वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी बारकाईने पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की मांस आपोआप सडत नाही. दुखत नाही म्हणून माणूस गरम भांडं धरून ठेवतो, खडा टोचला तरी चालत राहतो, आणि जखमांवर जखमा होऊन बोट आखूड होतं. बधिर हातापायांची राखण डोळ्यांनीच करावी लागते. रोज रात्री तळवे पाहा, पाय पाण्यात भिजवून तेल लावा, बधिर पायाला एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) चप्पल मागून घ्या.

दवाखान्यात जाण्याआधी घरी एक करा. वडिलांना डोळे मिटायला सांगून करंगळीच्या टोकाला बॉलपेनने हलकेच टेकवा आणि कुठे स्पर्श झाला ते दुसऱ्या हाताने दाखवायला सांगा. मग करंगळी आणि शेजारच्या बोटात कागद धरायला लावून ओढून पाहा. दोन्ही हातांत फरक दिसला तर तो कधीपासून जाणवतोय ते लिहून न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.