ई अँड टीसीनंतर बायोसेन्सरवर संशोधन: जमेल का, आणि नॅनोमटेरियल कुठलं घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: "ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या) शेवटच्या वर्षाला आहे. नॅनोटेक्नॉलॉजी आणि मायक्रोइलेक्ट्रॉनिक सर्किट एकत्र असलेल्या बायोसेन्सरवर पीएच.डी. करायची इच्छा आहे. बायोलॉजी दहावीनंतर सुटली. जमेल का? आणि कुठलं नॅनोमटेरियल निवडावं?"

जमेल. बायोलॉजी सुटली याचं काही वाटून घेऊ नका, लागेल तेवढी शिकता येते. रसायनशास्त्र मात्र बारावीचं पुस्तक काढून पुन्हा वाचा, विशेषतः इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं प्रकरण. आणि नॅनोमटेरियल कुठलं हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आमच्याकडे तो सगळ्यात आधी विचारला गेला होता आणि त्यात माझं दीड वर्ष गेलं, म्हणून हे लिहायला बसले.

मीही ई अँड टीसीचीच. लॅब कुठली ते लिहीत नाही. आमचं काम सिलिकॉन नॅनोवायरवर ट्रोपोनिन पकडायचं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूतून हे प्रथिन रक्तात उतरतं. मूळ कल्पना जुनी आहे. 1970 साली नेदरलँड्समध्ये पीट बर्गफेल्ड यांनी मॉसफेटचं, म्हणजे चिपमधल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचं, करंट ताब्यात ठेवणारं धातूचं गेट काढून त्या जागी द्रावण आणलं, तो आयएसफेट. पुढे 2001 मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने तेच काम नॅनोवायरवर करून दाखवलं. वायर एवढी बारीक की तिच्या अंगावर भारित प्रथिन येऊन चिकटलं तरी आतला करंट हलतो. वायरवर ट्रोपोनिनला धरणारी अँटीबॉडी बसवायची, वर नमुना सोडायचा, करंट मोजायचा. ऐकायला इतकं सोपं की मी पहिल्याच दिवशी हो म्हणाले.

अडचण मिठाची. रक्तात इतके आयन असतात की प्रथिनाचा भार त्यांच्या गर्दीत झाकून जातो. हा भार किती अंतरापर्यंत जाणवतो ती डेबाय लांबी. रक्तात ती एक नॅनोमीटरपेक्षाही कमी, साधारण 0.7 ते 0.8. अँटीबॉडीच मुळी दहाएक नॅनोमीटर उंच. म्हणजे तिच्या टोकाला धरलेलं ट्रोपोनिन वायरला दिसणारच नाही. यावर सगळे करतात तेच आम्ही केलं: पीबीएस बफर, म्हणजे लॅबमधलं रक्ताइतकं खारट द्रावण, शंभर पट पातळ केला. डेबाय लांबी सात नॅनोमीटरच्या आसपास गेली. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्यात) ट्रोपोनिन घालायचं, ते या पातळ बफरमध्ये हजार पट, शंभर पट, दहा पट असं मिसळायचं आणि एकेक नमुना चिपवर सोडायचा.

पहिले काही महिने नुसते पॅकेजिंगमध्ये गेले. वायर बॉन्डवर लावलेल्या इपॉक्सीखाली पाणी शिरायचं आणि गेटचा लीकेज वाढून चिप मरायची. ते सावरलं आणि मग ग्राफ आला. करंटमधला बदल गेट व्होल्टेजमध्ये मांडला तर तीन पायऱ्या: हजार पटीला साधारण 2 मिलिव्होल्ट, शंभर पटीला 14, दहा पटीला 54. नमुना दाट तसा सिग्नल मोठा. कंट्रोल म्हणून बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं एक प्रथिन, सोडलं तर काहीच हलत नव्हतं. आमच्या सरांनी तो ग्राफ एका मोठ्या प्रकल्पाच्या प्रस्तावात घातला. लॅबमध्ये पेढे वाटले. घरी फोन केला तेव्हा आईला एवढंच सांगितलं की चाललंय बरं, पण आवाजावरून तिला कळलं असावं.

मला झोप येईना ती त्या 54 आकड्यामुळे. 25 अंशांना नर्न्स्टचा उतार, म्हणजे आयनांच्या प्रमाणाबरोबर व्होल्टेज किती हलतं ते, 59 मिलिव्होल्टचा, आणि तोही पूर्ण दहा पट बदल झाला तर. अँटीबॉडीच्या टोकावर बसलेलं थोडंसं प्रथिन त्याच्या इतक्या जवळ जाईल? एका रात्री लॅबमध्ये कोणी नसताना मी ट्रोपोनिन न घातलेलं सीरम सोडलं. 2, 14, 54. दुसरी चिप घेतली, पुन्हा तेच. मग सीरमही बाजूला ठेवलं आणि साधं मीठपाणी केलं, सीरममधल्या क्लोराइडइतकंच, 100 मिलिमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक). तेच आकडे. पहाटे साडेतीनला मी स्टुलावर बसून कागदावर गणित मांडत होते.

गणित तुम्हीही करून बघा. मूळच्या पीबीएसमध्ये क्लोराइड साधारण 140 मिलिमोलर, म्हणजे शंभर पट पातळ बफरमध्ये 1.4. सीरममध्ये सुमारे 100. आमचा रेफरन्स इलेक्ट्रोड, ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो, म्हणजे सराफाकडून आणलेली शुद्ध चांदीची तार, ब्लीचमध्ये बुडवून क्लोराइडचा थर चढवलेली, आणि ती सरळ नमुन्यातच उभी. अशा तारेचं पोटेन्शियल क्लोराइडवर चालतं. नमुना शंभर पट पातळ करून सोडला की क्लोराइड 1.4 वरून 2.4 होतं: सुमारे 14 मिलिव्होल्ट. दहा पट पातळ केला की ते 11 च्या वर जातं: जवळजवळ 54. आमची नॅनोवायर काहीच मोजत नव्हती. ती तार मीठ मोजत होती, आणि फार अचूक मोजत होती. बीएसएचा कंट्रोल सपाट आला कारण बीएसए आम्ही त्याच पातळ बफरमध्ये विरघळवलं होतं, तिथे मीठ बदलतच नव्हतं. चुकीचा कंट्रोल हा कंट्रोल नसण्यापेक्षा घातक, कारण तो संशय मारून टाकतो.

सकाळी सरांपुढे तिन्ही ग्राफ ठेवले. त्यांनी बघितले आणि म्हणाले, "मीठ-बीठ केमिस्ट्रीवाले बघतील. तू सर्किट बघ." मी म्हटलं, सर, रेफरन्स इलेक्ट्रोड सर्किटमध्येच आहे, आपलं गेट व्होल्टेज तिथूनच येतं. त्यावर उत्तर आलं, "रिव्ह्यूअरने विचारलं तर बघू." पुढचे आठ महिने हाच वाद चालला. दर मीटिंगला नवं नॅनोमटेरियल सुचवलं जायचं: वायरवर सोन्याचे कण लावू, ग्राफीन लावू, झिंक ऑक्साइड लावू. तार मात्र तीच. त्या आठ महिन्यांबद्दल मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या. मीठ-सेतू असलेला, म्हणजे ज्याची तार नमुन्यापासून वेगळ्या ठराविक मिठाच्या द्रावणात असते असा, काचेचा रेफरन्स इलेक्ट्रोड आणला आणि एकाच चिपवरच्या दोन शेजारच्या वायर वापरल्या. एकीवर अँटीबॉडी, दुसरीवर नुसता निष्क्रिय थर. दोघींचं आउटपुट एकमेकांतून वजा. इलेक्ट्रोड सरकला, तापमान बदललं, मीठ बदललं तरी ते दोन्ही वायरना सारखंच जाणवतं, म्हणजे कॉमन मोड. दोन सिग्नलमधला फरकच वाढवणारा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर आपण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकतो, तेच. मग जो सिग्नल उरला तो एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टचा, ड्रिफ्टच्या (आपोआप हळूहळू सरकणाऱ्या आकड्याच्या) लाटेत जेमतेम डोकं वर काढणारा. पण तो ट्रोपोनिनचा होता. तुम्ही विचारता इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला जमेल का, आणि मला वाटतं या क्षेत्राला इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची गरज नेमकी इथे आहे: सिग्नल कुठून येतोय आणि आणखी कुठून येऊ शकतो, याचा आराखडा डोक्यात असणारा माणूस. फक्त त्याने बीकरमधलं रसायनही आपल्या सर्किटचाच भाग समजला पाहिजे.

आता नॅनोमटेरियलबद्दल. जगात सगळ्यात जास्त खपलेला बायोसेन्सर ग्लुकोजची पट्टी आहे, आणि तिचं यश नॅनोमुळे नाही. 1962 मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेझ एन्झाइम बसवायची कल्पना मांडली. 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये फेरोसीन हा मध्यस्थ रेणू वापरून ऑक्सिजनवरचं अवलंबन काढलं गेलं आणि 1987 मध्ये पेनाच्या आकाराचं मीटर बाजारात आलं. ही पट्टी चालते कारण उपाशीपोटी रक्तात ग्लुकोज चार-पाच मिलिमोलर असतं, आणि एन्झाइमचा एकच रेणू सेकंदाला शेकडो ग्लुकोज रेणू हाताळून सिग्नल वाढवत राहतो. ट्रोपोनिन शोधायचं ते पिकोमोलर पातळीवर. म्हणजे ग्लुकोजपेक्षा काही अब्ज पटीने कमी. शिवाय अँटीबॉडी काहीच वाढवत नाही, ती एकदा धरते आणि बसते. हा फरक डोक्यात पक्का केल्याशिवाय कुठल्याही पेपरमधला "अतिसंवेदनशील" शब्द वाचू नका.

उलट बाजूने बघा. कोविडच्या घरगुती किटवरची लाल रेघ आठवते? बहुतेक किटमध्ये तो रंग सोन्याच्या नॅनोकणांचा असतो, साधारण वीस-चाळीस नॅनोमीटरचे. तिथे सर्किट अजिबात नाही, डोळ्यानेच वाचायचं. नॅनो आणि चिप एकत्र आणून काहीतरी भारी होतं असं गृहीत धरू नका. आयएसफेट मोठ्या प्रमाणावर खरोखर चालला तो आयन टॉरेंटच्या डीएनए वाचणाऱ्या चिपमध्ये, 2011 च्या सुमारास. साध्या सीमॉसवर, म्हणजे नेहमीच्या चिप बनवायच्या तंत्रावर, लाखो आयएसफेट. डीएनएच्या साखळीला एक अक्षर जोडलं गेलं की एक प्रोटॉन सुटतो, त्याने पीएच क्षणभर हलतो, चिप तो धक्का टिपते. तिथे अँटीबॉडी नाही, तासभर स्थिर राहायची अट नाही, नमुनाही आपण तयार केलेला. ज्याने हे जुळवलं त्याने नॅनोवायर शोधत न बसता ट्रान्झिस्टरला झेपेल असा प्रश्न शोधला.

तर निवडायचंच असेल तर आधी रेणू निवडा. तो रक्तात, लघवीत की पाण्यात, किती प्रमाणात असतो, डॉक्टरला किती मिनिटांत आकडा हवा, ते लिहून काढा. मग पद्धत. मटेरियल त्यातून आपोआप ठरतं, आणि बऱ्याचदा ते सोनं किंवा कार्बनच निघतं, ज्यात पेपरला चमक कमी येते.

जागांबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. कॉलेजात क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त खोली) नाही म्हणून थांबू नका. आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची आयआयएससी इथे इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम याच कारणासाठी सुरू झाला, बाहेरच्या संशोधकांना तिथली यंत्रं वापरता यावीत म्हणून. पण लॅब बघायला जाल तेव्हा क्लीनरूम बघून भारावू नका. दोन गोष्टी मागा: ते वापरतात तो रेफरन्स इलेक्ट्रोड दाखवा म्हणावं, आणि ब्लँकचा ग्राफ, म्हणजे ज्यात शोधायचा रेणू सोडून बाकी सगळं आहे असा. ब्लँकचा ग्राफ पटकन निघाला तर तिथे जा. "ते सगळं केमिस्ट्रीवाले बघतात" असं उत्तर मिळालं तर, स्टायपेंड कितीही असो, जाऊ नका.

थोडं आवरतं घ्यायला हवं. मी वर लिहिलं ते अँटीबॉडी आणि फेट (ट्रान्झिस्टर) या जोडीबद्दल. इम्पिडन्स, कँटिलिव्हर, प्रकाशावर चालणारे सेन्सर यांच्या कटकटी वेगळ्या, माझा हात त्यात बसलेला नाही. डेबाय लांबीची भिंतही अभेद्य नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने अँटीबॉडीऐवजी डीएनएचे छोटे अॅप्टॅमर वापरले. लक्ष्य रेणू बसला की अॅप्टॅमर घडी बदलतो आणि त्याचा स्वतःचा भार पृष्ठभागाजवळ सरकतो किंवा लांब जातो, त्यामुळे शरीरातल्याइतक्या मिठातही डोपामिन आणि सेरोटोनिन मोजता आले. आज सुरुवात करत असते तर मी तिकडे गेले असते. आणि सरांबद्दल: त्यांनी आकडे कधी बदलले नाहीत, माझी फेलोशिप संपली तेव्हा मुदतवाढीसाठी स्वतः चार ठिकाणी पत्रं लिहिली. मिठाच्या बाबतीत ते चूक होते, आणि मी बरोबर होते.

तो मीठपाण्याचा ग्राफ माझ्या थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. काढून टाक, उगाच प्रश्न येतील, असं मला दोनदा सांगितलं गेलं. मी ठेवला. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर थांबले आणि त्यांनी विचारलं, हे लक्षात कसं आलं? मी पहाटेच्या त्या कागदापासून सुरुवात केली.